लेबल नंतर वाचा, आधी मँडोलिन वाचा

१९२२ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कालामाझू या गावी गिब्सन कंपनीने एफ-५ नावाचं मँडोलिन बाजारात आणलं. किंमत २५० डॉलर. त्या काळी ही रक्कम मोठी होती आणि गिऱ्हाईक फारसं फिरकलं नाही. पुढे १९४० च्या दशकात केंटकीच्या बिल मन्रो या गायक-वादकाला मायामीतल्या एका न्हाव्याच्या दुकानात असं एक जुनं मँडोलिन दिसलं. ते त्याने १५० डॉलरला घेतलं. आज त्या जातीच्या वाद्याला लाखावर डॉलर पडतात. त्याच कारखान्यात, त्याच वर्षी, बहुधा त्याच कामगारांच्या हातून निघालेलं साधं ‘ए’ मॉडेल मात्र अजूनही दोन-चार हजार डॉलरला मिळतं. आणि त्याच काळात शिकागोत बनलेलं, वाटीसारख्या पाठीचं, शिंपल्याने मढवलेलं देखणं मँडोलिन शंभर-दोनशे डॉलरलाही कुणी घ्यायला तयार नसतं.

तिन्ही मँडोलिनं शंभर वर्षांची आणि तिन्ही कारखान्यातली. मग हा फरक कशामुळे? बहुतेकांना वाटतं की जुनं म्हणजे महाग, आणि नाव मोठं म्हणजे वाद्य मोठं. जुन्या मँडोलिनच्या बाजारात या दोन्ही समजुती फार काळ टिकत नाहीत. एखादा उस्ताद कारागीर एकट्याने वाद्य घडवतो तेव्हा त्यात त्याची सही शोधायची असते. कारखान्यात बनलेल्या वाद्यात कारखान्याच्या सवयी शोधाव्या लागतात. लाकूड कुठून येत होतं, कोणता सुटा भाग कोणत्या वर्षी बदलला, कुठे खर्च केला आणि कुठे वाचवला, हे कळलं की वाद्य स्वतःच आपली हकिगत सांगू लागतं. लेबल शेवटी वाचायचं, तेही पडताळा म्हणून.

मँडोलिनचं वेड

मँडोलिन मूळचं इटलीचं. त्यातही आज जगभर ओळखलं जाणारं रूप नेपल्सचं: चार जोड्यांत आठ तारा, व्हायोलिनसारखीच सुरावट आणि पाठीला लाकडी पट्ट्या जोडून केलेली खोल वाटी. एकोणिसाव्या शतकात नेपल्सच्या विनाच्चिया घराण्यातल्या पास्क्वाले विनाच्चियाने या वाद्याला पोलादी तारा, दातेरी चाव्या आणि लांब पट्टी दिली. आवाज मोठा झाला आणि वाद्य दिवाणखान्यातून सभागृहात गेलं. इटलीची राणी मार्गेरिता स्वतः मँडोलिन वाजवायची. त्यामुळे प्रतिष्ठाही आली.

अमेरिकेत हे वेड शिरलं ते मात्र गैरसमजातून. जानेवारी १८८० मध्ये ‘स्पॅनिश स्टुडंट्स’ म्हणून ओळखला जाणारा तरुण वादकांचा एक ताफा न्यू यॉर्कला आला. त्यांच्या हातात बांडुरिया हे स्पॅनिश वाद्य होतं. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. न्यू यॉर्कमधल्या इटालियन वादकांनी संधी हेरली, तसेच पोशाख चढवले आणि हातात आपली मँडोलिनं घेऊन तसलेच ताफे उभे केले. प्रेक्षकांना फरक कळला नाही, पण मँडोलिन आवडलं. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत कॉलेजांत मँडोलिन क्लब आणि गावोगाव मँडोलिन ऑर्केस्ट्रा निघाले. मुलींना घरी शिकवण्याजोगं सभ्य वाद्य म्हणूनही मँडोलिनला मान्यता मिळाली.

मागणी वाढली तसे कारखाने उभे राहिले. शिकागोची लायन अँड हीली ही कंपनी १८६४ साली स्थापन झाली. तिच्या चांगल्या वाद्यांवर ‘वॉशबर्न’ हे नाव असायचं. ते कंपनीचा एक संस्थापक जॉर्ज वॉशबर्न लायन याच्या नावातलं. शिकागोतच १८९२ साली हार्मनी कंपनी निघाली. न्यू जर्सीत ऑस्कर श्मिट, बॉस्टनला व्हेगा, पेनसिल्व्हेनियात गिटारसाठी प्रसिद्ध असलेली मार्टिन, असे बरेच जण या धंद्यात उतरले. टपालाने माल विकणाऱ्या माँटगोमेरी वॉर्ड आणि सिअर्स रोबक या कंपन्यांच्या जाडजूड कॅटलॉगांतून काही डॉलरची मँडोलिनं शेतकऱ्यांच्या घरांपर्यंत पोचली.

इथेच ओळखीचा पहिला घोळ सुरू होतो. सिअर्सने १९१६ साली हार्मनी कंपनीच विकत घेतली आणि तिची वाद्यं ‘सुपरटोन’ या आपल्या नावाने विकली. वॉर्डने दुसऱ्यांकडून बनवून घेतलेल्या वाद्यांवर आपली नावं घातली. पुढे १९३० च्या दशकात खुद्द गिब्सननेही ‘कालामाझू’ नावाने स्वस्त वाद्यं काढली. डोक्यावरचं नाव आणि बनवणारा कारखाना या दोन निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. म्हणून जाणकार आधी नाव वाचत नाहीत. ते पाठ उलटी करतात, आवाजाच्या भोकातून आत डोकावतात आणि सांधे पाहतात. एकाच कारखान्याची वाद्यं वेगवेगळ्या नावांनी विकली गेली, तरी आतली बैठक सहसा तीच राहते.

वाटीच्या पाठीचं मँडोलिन

जुन्या बाजारात सर्वांत जास्त दिसणारं आणि सर्वांत जास्त फसवणारं मँडोलिन म्हणजे वाटीच्या पाठीचं. अमेरिकेत त्याला बटाट्यावरच्या पट्टेरी किड्याचं नाव पडलं, कारण पाठीवर आलटून पालटून गडद आणि फिक्या पट्ट्या असायच्या. या पट्ट्यांची संख्या ही किमतीची पहिली खूण. स्वस्त वाद्यांत मोजक्याच रुंद पट्ट्या असत. वरच्या दर्जाच्या वाद्यांत त्यांची संख्या वाढत जाई आणि रुंदी कमी होई. प्रत्येक जास्तीच्या पट्टीत जास्तीचं हातकाम होतं, म्हणून कॅटलॉगात पट्ट्यांची संख्या ठळकपणे छापली जायची.

दुसरी खूण लाकडाची. वरच्या दर्जाच्या वॉशबर्नमध्ये पट्ट्या ब्राझीलच्या शिसवीच्या असत. कमी दर्जाच्या वाद्यांत मेपल किंवा बर्च गडद रंगवलेलं सापडतं. रंगाचा थर जिथे झिजला असेल तिथे, म्हणजे मानेच्या टोकाशी किंवा हाताचा घाम लागतो त्या कडेला, खरं लाकूड दिसतं. तिसरी खूण भोकाच्या खालच्या जडवकामाची. फुलपाखराचं नक्षीकाम पाहून भुलणारे बरेच असतात. प्रत्यक्षात असे तयार नक्षीचे तुकडे घाऊक मिळायचे आणि सामान्य वाद्यांतही बसवले जायचे. सिसिलीतल्या कातानिया शहरात परदेशी गिऱ्हाइकासाठी असा भरपूर माल निघाला. दिसायला राजेशाही, आतून कामचलाऊ.

कायद्यानेही एक पुरावा मागे ठेवला आहे. १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या परदेशी मालावर मूळ देशाचं नाव घालणं बंधनकारक झालं. तेव्हा ‘इटली’ किंवा ‘जर्मनी’ असा इंग्रजी शिक्का असलेलं मँडोलिन बहुधा त्यानंतरचं, निर्यातीसाठी केलेलं. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असा शिक्का असेल तर वाद्य १९१८ च्या आधीचं असूच शकत नाही, कारण तोवर तो देशच नव्हता. ‘पश्चिम जर्मनी’ असेल तर १९४९ नंतरचं. ‘ऑक्युपाइड जपान’ असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या थोड्या वर्षांतलं. घरातल्या आजोबांनी ‘पहिल्या महायुद्धात आणलेलं’ वाद्य या एका शिक्क्याने कितीदा तरी तीस वर्षांनी तरुण होतं.

अशा मँडोलिनांची किंमत कमी का? संख्या अफाट, वाजवणारे थोडे, आणि बहुतेकांची प्रकृती बिघडलेली. नेपल्सची कालाचे किंवा विनाच्चिया, रोमचा लुइजी एंबेर्गर यांच्या अस्सल वाद्यांची गोष्ट वेगळी. ती आजही शास्त्रीय वादकांना हवी असतात. बाकीच्यांत मान पुढे झुकलेली असेल तर ती पुन्हा बसवण्याचा खर्च वाद्याच्या किमतीहून जास्त होतो. भिंतीवर टांगायला सुंदर, वाजवायला निरुपयोगी, असा निकाल बऱ्याच वेळा द्यावा लागतो. तो देताना संकोच करू नये.

ऑर्विलची कल्पना, कंपनीचा कारखाना

वाटीचं मँडोलिन मांडीवरून घसरतं. ऑर्विल गिब्सन या माणसाने हा प्रश्न व्हायोलिनच्या वाटेने सोडवला. न्यू यॉर्क राज्यात १८५६ साली जन्मलेला ऑर्विल कालामाझूला येऊन स्थायिक झाला. वाद्यं बनवणं हा त्याचा छंद होता, पुढे तोच व्यवसाय झाला. त्याने मँडोलिनची पोट-पाठ व्हायोलिनसारखी कोरून काढली. पट्ट्या वाकवण्याऐवजी बाजू अखंड लाकडातून कापल्या. १८९८ साली त्याला या रचनेचं पेटंट मिळालं.

१९०२ साली कालामाझूच्या पाच व्यावसायिकांनी गिब्सन मँडोलिन-गिटार कंपनी स्थापन केली आणि ऑर्विलकडून त्याच्या कल्पनेचे हक्क २५०० डॉलरला घेतले. इथून पुढे ऑर्विलचा कंपनीशी संबंध नावापुरता उरला. १९१८ साली न्यू यॉर्क राज्यातल्या ऑग्डेन्सबर्गच्या इस्पितळात तो वारला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९१७ मध्ये, कंपनीने पार्सन्स स्ट्रीटवर मोठा कारखाना बांधला होता. आज ‘गिब्सन’ म्हणून जे मँडोलिन विकलं जातं त्यातलं क्वचितच ऑर्विलच्या हातचं असतं. बाजारात ‘ऑर्विल गिब्सनने स्वतः बनवलेलं’ असं कुणी सांगितलं तर पुरावा मागावा.

कंपनीने दोन घाट पक्के केले. थेंबाच्या आकाराचं साधं ‘ए’, आणि डाव्या खांद्यावर गोल वळण घेतलेलं ‘एफ’. ‘ए’ मध्ये पुढे एक ते चार असे दर्जे लागले. ‘एफ’ मध्ये मुख्यतः दोन आणि चार. आकडा जितका मोठा तितकी सजावट जास्त. इथे खरेदीदाराने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ए-१ आणि ए-४ यांच्या आवाजात किमतीइतका फरक सहसा नसतो. वाढीव पैसे मुख्यतः कडेच्या बाइंडिंगला, डोक्यावरच्या नक्षीला आणि रंगकामाला दिलेले असतात. वाजवण्यासाठी घ्यायचं असेल तर साध्या ए-मॉडेलसारखा सौदा नाही.

वर्ष ठरवताना

गिब्सनच्या भोकातून आत पाहिलं की लंबगोल पांढरं लेबल दिसतं. त्यावर मॉडेल आणि क्रमांक हाताने लिहिलेला असतो. ढोबळमानाने दहा हजाराच्या आसपासचा क्रमांक १९१० च्या सुमाराचा, चाळीस हजाराच्या आसपासचा १९१७ चा आणि सत्तर हजाराच्या पुढचा १९२२ चा. याखेरीज मान जिथे बसते त्या आतल्या लाकडी ठोकळ्यावर आणखी एक क्रमांक ठोकलेला असू शकतो. तो कारखान्यातल्या घाण्याचा, म्हणजे एकत्र सुरू केलेल्या वाद्यांच्या गटाचा. छोटा आरसा आणि बॅटरी असली की तो दिसतो. घाण्याचा क्रमांक काम सुरू होताना पडायचा आणि लेबलवरचा क्रमांक वाद्य पुरं झाल्यावर. म्हणून दोन्हींत काही महिन्यांचं अंतर असलं तरी शंका घेऊ नये. मोठं अंतर मात्र प्रश्न विचारायला लावतं. लेबल निघू शकतं, दुसरं चिकटवता येतं; ठोकळा बदलणं तेवढं सोपं नाही.

लेबल नसेल तर सुटे भाग बोलतात. पिकगार्डच्या, म्हणजे नखीच्या ओरखड्यांपासून फळा वाचवणाऱ्या पट्टीच्या, पकडीवर १९११ ची पेटंट-तारीख असते. ती पाहून ‘हे १९११ चं वाद्य’ असं बेधडक सांगणारे पुष्कळ आहेत. ती तारीख पेटंटची, वाद्याची नव्हे. तीच पकड नंतर कित्येक वर्षं वापरली गेली. उंची बदलता येणारी घोडी, म्हणजे ब्रिज, जानेवारी १९२१ च्या पेटंटची. काही काळ तिचा वरचा भाग ॲल्युमिनियमचा असायचा. मानेत घालायची लोखंडी सळई, ट्रस रॉड, ही गिब्सनच्या थॅडियस मॅक्ह्यूची कल्पना. ती १९२२ च्या सुमारास वाद्यांत आली. डोक्यावर तिचं छोटं घंटेच्या आकाराचं झाकण असतं. १९१५ चा क्रमांक असलेल्या मँडोलिनला असं झाकण दिसलं तर मान बदललेली आहे, लेबल खोटं आहे, किंवा कुणी नंतर हौसेने झाकण बसवलं आहे.

‘ए’ मॉडेलचं डोकं सुरुवातीला वर रुंद होत जायचं. १९२३ च्या सुमारास ते वर निमुळतं झालं, त्यामुळे तारा सरळ चाव्यांकडे जाऊ लागल्या. वादक आजही अशा मँडोलिनांना जास्त पैसे देतात. ‘एफ’ च्या अंगावर आधी तीन टोकं असायची. १९१० च्या सुमारास दोन झाली. रंगही काळाबरोबर बदलला. १९१० च्या दशकात नारिंगी झाक असलेला स्वच्छ वरचा फळा, दशकाच्या शेवटी तपकिरी, आणि ए-३ ला काही वर्षं हस्तिदंती पांढरा. पाठीचं लाकूड कॅटलॉगात मेपल म्हणून लिहिलेलं असलं तरी साध्या मॉडेलांत बर्चही भरपूर सापडतं. बर्च म्हणजे दगाफटका नव्हे; आवाज त्यातही छान निघतो.

एकाच खुणेवर कधीही तारीख ठरवू नये. कारखाना शिल्लक माल फेकून देत नाही. जुन्या चाव्या, तारा अडकवायची जुनी टेलपीस, आधीच्या वर्षीचं पिकगार्ड संपेपर्यंत वापरलं जायचं. पाच-सहा खुणा एकाच वर्षाकडे बोट दाखवत असतील तर ते वर्ष खरं मानावं. एक खूण फारच वेगळी असेल तर तो भाग नंतर बदलला आहे का हे पाहावं.

लोरच्या सहीची किंमत

लॉइड लोर हा वादक आणि ध्वनिशास्त्राचा अभ्यासक १९१९ साली गिब्सनमध्ये आला. एफ-५ ही त्याच्या काळातली निर्मिती. लंबगोल भोकाऐवजी व्हायोलिनसारखी दोन एफ-आकाराची भोकं, अंगापासून वर उचललेली बोटपट्टी, वरच्या फळ्याखाली लांबीच्या दिशेने दोन आधारपट्ट्या, आणि बाराव्याऐवजी पंधराव्या पडद्याशी अंगाला मिळणारी मान. या बदलांनी घोडी अंगाच्या मधल्या भागाकडे सरकली आणि आवाजाला दूरवर पोचणारी धार आली. जून १९२२ ते डिसेंबर १९२४ या काळात कारखान्यातून निघालेल्या एफ-५ च्या आत दुसरं एक लेबल असायचं: वाद्य तपासून मंजूर केल्याची तारीख आणि खाली लोरची सही. १९२४ च्या अखेरीस लोर कंपनी सोडून गेला. तोवर मँडोलिनचा जमाना उतरणीला लागला होता. जाझ बँडांत टेनर बँजोचा जोर होता.

बिल मन्रोच्या मँडोलिनवर सहीची तारीख ९ जुलै १९२३ आहे. त्याने ब्लूग्रास नावाचं संगीत उभं केलं आणि त्याच्या हातातलं वाद्य त्या संगीताचा आदर्श आवाज ठरलं. एकदा दुरुस्तीवरून नाराज होऊन त्याने डोक्यावरचं ‘गिब्सन’ हे नावच खरवडून काढलं होतं. १९८५ साली कुणीतरी घरात घुसून त्या मँडोलिनचे तुकडे केले. गिब्सनच्या कारागिरांनी ते कपच्या जुळवून पुन्हा उभं केलं. आज ते नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये आहे.

या कथेत एक विसंगती आहे. जिच्यामुळे लाखावर डॉलर मिळतात ती सही करणाऱ्या माणसाने ते मँडोलिन कोरलं नव्हतं. त्याने आखणी केली, तपासणी केली. लाकूड कापणारे, फळा पातळ करणारे, रंग चढवणारे हात कालामाझूच्या कामगारांचे होते आणि त्यांची नावं बहुतेक ठिकाणी नोंदलेली नाहीत. लोर गेल्यावरही तेच कामगार तशीच मँडोलिनं बनवत होते. त्या सही नसलेल्या एफ-५ ची किंमत सहीवाल्यांच्या तुलनेत खाली उतरते. हा फरक आवाजाचा नाही, कागदाच्या तुकड्याचा आहे. साहजिकच त्या कागदाच्या नकला झाल्या. म्हणूनच अमेरिकेतल्या हौशी अभ्यासकांनी सही असलेल्या ज्ञात मँडोलिनांची क्रमांक, तारीख आणि लाकडाच्या रेषांसकट नोंद ठेवली आहे. नोंदीबाहेरचं ‘लोर’ समोर आलं तर आधी संशय, मग आनंद, हा क्रम बरा.

प्रकृती पाहताना

ओळख पटली की मोल ठरवायचं. मोल म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार: मॉडेल, मूळपण आणि प्रकृती. मॉडेल बदलता येत नाही, मूळपण गेलं तर परत येत नाही, प्रकृती मात्र दुरुस्त होते. म्हणून चाणाक्ष खरेदीदार प्रकृती थोडी बिघडलेलं पण मूळ अवस्थेतलं वाद्य पसंत करतो, आणि चकचकीत केलेल्या वाद्यापासून दूर राहतो.

मँडोलिनच्या आठ तारांचा ताण मिळून पंच्याहत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातो. एवढं ओझं पातळ फळ्याने शंभर वर्षं पेललेलं असतं. त्यामुळे पहिली नजर वरच्या फळ्याकडे. सरळ पट्टी घोडीच्या खाली आडवी धरली की फळा खचला आहे का ते कळतं. गिब्सनच्या लंबगोल भोकाच्या वाद्यांत आत एकच आडवी आधारपट्टी असते. ती सुटली की फळा बसतो. बोटाच्या टोकाने हळूच टकटक केली तर सुटलेली पट्टी खुळखुळते. मग मान: बाराव्या पडद्याशी तारा फार उंच असतील तर मान पुढे झुकली असण्याची शक्यता. १९२२ आधीच्या वाद्यात ट्रस रॉड नसल्याने मानेतला बाक फिरकीने काढता येत नाही, ते काम कुशल हाताचं.

मग मोजमाप. नटापासून, म्हणजे मानेच्या वरच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीपासून, बाराव्या पडद्यापर्यंत अंतर मोजून दुप्पट केलं की तारेची कामाची लांबी मिळते. गिब्सनची साधारण ३५ सेंटिमीटर; लायन अँड हीलीच्या कोरीव मँडोलिनांची ३३. हा फरक बोटांना लगेच जाणवतो, आणि घोडी चुकीच्या जागी बसवलेली असेल तर तेही या मोजमापातून उघड होतं.

रंगाचा थर हा खटल्यातला मुख्य साक्षीदार. बाजारातला जुना ठोकताळा असा की पुन्हा रंगवलेल्या वाद्याची किंमत निम्म्यावर येते. १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत गिब्सनचा रंग स्पिरिट व्हार्निशचा होता, पुढे लॅकर आला. अतिनील दिव्याखाली जुना व्हार्निश आणि नवा लॅकर वेगळे उजळतात. अंधाऱ्या खोलीत हे पाहायला दोन मिनिटं लागतात. डागडुजी केलेली जागा त्यात स्पष्ट दिसते.

आणखी एक धोका मूळ भागातच दडलेला असतो. कासवाच्या पाठीसारखं दिसणारं जुनं पिकगार्ड बहुधा सेल्युलॉइडचं असतं. सेल्युलॉइड म्हातारं झालं की त्यातून आम्ल वाफ सुटते. जवळचे पडदे हिरवे पडतात, तारा गंजतात, रंग चिघळतो. अशा वेळी पिकगार्ड काढून वेगळं, हवेशीर ठेवावं. फेकू नये, कारण ते मूळ आहे. इटालियन वाद्यांवर मात्र खऱ्या कासवाच्या पाठीचे तुकडे असू शकतात. ते, हस्तिदंत आणि ब्राझीलची शिसवी या तिन्हींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधनं आहेत. परदेशातून असं वाद्य मागवण्याआधी परवान्याची चौकशी करावी, नाहीतर कस्टममध्ये अडकेल.

आपल्याकडे

मराठी कानांना मँडोलिनचा आवाज हिंदी सिनेमाने दिला. सज्जाद हुसेन यांच्यासारख्या संगीतकाराने त्यावर रागदारी वाजवून दाखवली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर मँडोलिनवादक म्हणूनच या क्षेत्रात आले. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ने ते पुन्हा घराघरांत ओळखीचं केलं. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी विद्युत मँडोलिन घेऊन तारांच्या जोड्या काढल्या आणि कर्नाटक संगीतात त्याला मानाची जागा मिळवून दिली.

मुंबईच्या जुन्या बाजारात किंवा गोव्यातल्या जुन्या घराच्या माळ्यावर सापडलेलं मँडोलिन बहुधा कालामाझूचं नसतं. ते इटालियन किंवा जर्मन निर्यातीचं, जपानच्या सुझुकीचं किंवा कोलकात्यात बनलेलं असण्याची शक्यता जास्त. कोलकात्याच्या ‘गिव्हसन’ या ब्रँडचं नाव घाईत ‘गिब्सन’ वाचणारे आणि त्या आशेवर किंमत सांगणारे असतात. दोन्हींचा संबंध नाही. गिव्हसन हे विद्यार्थ्यांसाठी उपयोगी वाद्य आहे, त्याची किंमत त्याच मापाने करावी.

आपल्या हवेत एक गोष्ट मात्र जपायला हवी. जुन्या कारखान्यांत लाकूड सरसाने जोडलेलं असे, आणि सरस उष्णता व दमटपणा यांना भितो. कोकणातल्या पावसाळ्यात सांधे ढिले होतात, पाठीच्या पट्ट्या उघडतात. यात एक सोयही आहे: सरसाचा सांधा गरम पाण्याने आणि पातळ पात्याने सोडवता येतो, पुन्हा त्याच सरसाने जोडता येतो. पांढऱ्या फेविकॉलने किंवा एपॉक्सीने केलेली दुरुस्ती मात्र पुढच्या कारागिराला कायमची डोकेदुखी ठरते.

तुमच्या घरात असं मँडोलिन असेल तर इतकंच करा. तारा ढिल्या करा, पण सगळ्या एकदम काढू नका. घोडी कुठे बसली आहे याची पेन्सिलने हलकी खूण करा. त्याला पॉलिश, तेल, लिंबू, व्हिनेगर यातलं काही लावू नका. कोरड्या मऊ फडक्याने पुसा. आत आरसा घालून लेबल आणि ठोकळ्यावरच्या क्रमांकाचा फोटो काढा. निघालेली प्रत्येक चावी, झाकण, स्क्रू पाकिटात घालून पेटीत ठेवा. स्वयंपाकघर आणि माळा या दोन्ही जागांपासून ते दूर ठेवा. मग तारवाद्यं दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवा आणि सांगा, आधी सांधा बघा, किंमत नंतर. जुन्या मँडोलिनचं बहुतेक नुकसान काळाने केलेलं नसतं, हौशी हातांनी केलेलं असतं. आणि वाजण्याजोगं निघालं, तर ते विकण्याआधी घरातल्या कुणाला तरी वाजवायला शिकवा.